गिधाडांचे सुरक्षित खाद्यस्थळ कसे उभारावे, कसे चालवावे

मेलेले जनावर गावाबाहेर उघड्यावर टाकले की गिधाडांची सोय झाली, असे अनेकांना वाटते. टाकण्याचे काम कोणीही करेल. अवघड आहे ते जनावर मरण्याआधीच्या आठवड्यात त्याला कोणती सुई टोचली होती हे खात्रीने सांगणे. ती खात्री नसेल तर खाद्यस्थळ चालवू नये. परिसरातली सगळी गिधाडे एकाच जागी बोलावून आपणच त्यांना विष घालण्याचा धोका त्यात आहे.

भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास होती. आज दोन्ही जाती अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण पुढे आले: डायक्लोफेनॅक हे जनावरांना दिले जाणारे वेदनाशामक. गिधाडाच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम औषध पोटात गेले तरी निम्मे पक्षी मरतात. म्हणजे पाच किलोच्या गिधाडाला मारायला एक मिलिग्रॅमही पुष्कळ झाले. गाईला टोचल्या जाणाऱ्या एका मात्रेत असे शेकडो मिलिग्रॅम असतात. औषधाने मूत्रपिंड निकामी होते, युरिक ॲसिड साचते आणि दोन दिवसांत पक्षी जातो.

गिधाडे थव्याने खातात, त्यामुळे एक दूषित जनावर अनेकांना मारायला पुरते. दूषित जनावरांचे प्रमाण शंभरात एकाहून कमी राहिले, तरी एवढी घट होऊ शकते, असे तेव्हाच्या गणिताने दाखवले होते.

आधी औषध, मग जागा

कामाचे पहिले तीन महिने जागेवर नव्हे, औषधांवर घालवावेत. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद आहे. तरी माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची केली गेली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये बंदी आली, त्यानंतर निमेसुलाइडवरही आली. ॲसिक्लोफेनॅकचे नाव वेगळे असले तरी गाईच्या शरीरात त्याचे डायक्लोफेनॅकच होते. फ्लुनिक्सिन आणि कार्प्रोफेन यांचाही धोका दिसून आला आहे. चाचण्यांत गिधाडांना सुरक्षित ठरलेली दोनच नावे पाठ करावीत: मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड. या दोन्हींखेरीज कोणतेही वेदनाशामक, आणि ज्याचे नावच कळत नाही असे कोणतेही इंजेक्शन, विषारी धरूनच चालावे.

खाद्यस्थळाच्या भोवतालच्या सर्व गावांतल्या औषध दुकानांची यादी करा. दुकानात जाऊन साधा प्रश्न विचारा: "म्हशीला ताप आहे, लंगडते, सुई द्या." दुकानदार काय पुढे करतो ते, बाटलीवरचे मूळ औषधाचे नाव आणि मिलिलिटर तारखेसह लिहून ठेवा. व्यापारी नाव नको, बारीक अक्षरातले मूळ नाव हवे, कारण एकाच मोठ्या नावाखाली वेगवेगळ्या बाटल्या निघतात. मिश्रणे असतील तर दोन्ही घटक लिहा. बंदी असलेले औषध मिळाले तर दुकानदाराशी वाद न घालता अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी कळवा.

याच वेळी तालुक्यातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, दूध संघाचे डॉक्टर, गावोगाव फिरणारे खाजगी उपचार करणारे आणि गोशाळा यांना भेटा. मागणी एकच ठेवा: वेदनाशामक द्यायचे तर मेलोक्सिकॅम द्या. गाई-म्हशीसाठी त्याची नेहमीची मात्रा दर किलो वजनाला ०.५ मिलिग्रॅम आहे. वजनाचा अंदाज चुकून कमी मात्रा गेली की ताप उतरत नाही, मग मालक आणि डॉक्टर दोघेही जुन्या औषधाकडे वळतात. मात्रा ठरवणे डॉक्टरांचेच काम, पण हा मुद्दा त्यांच्याशी जरूर बोलावा. गोठ्यांत मात्र डॉक्टरांपेक्षा खाजगी उपचारकांच्या पिशवीतून जास्त सुया जातात, म्हणून त्यांच्यावर जास्त वेळ खर्च करणे शहाणपणाचे.

गिधाड एका दिवसात दूरवर फिरते. म्हणूनच गिधाड सुरक्षित क्षेत्राची, म्हणजे घातक औषधांपासून मुक्त ठेवायच्या परिसराची, कल्पना १०० किलोमीटर त्रिज्येची आहे. पाकिस्तानात तोआवाला इथल्या गिधाडांच्या वसाहतीजवळ स्वच्छ खाद्य पुरवले तेव्हा मृत्यू घटले, पण थांबले नाहीत. पक्षी बाहेरही खातच होते.

जागा

पोट भरलेल्या गिधाडाला उडण्यासाठी धावायला मोकळी जागा लागते. म्हणून माळ किंवा उतरता सडा निवडावा, झाडीतला खळगा नको. वाऱ्याकडे तोंड असलेला उतार उत्तम. जवळपास अर्जुन, आंबा, बेहडा अशी उंच झाडे हवीत, कारण गिधाडे आधी झाडावर बसून आजूबाजूचा अंदाज घेतात. पाण्याचा उथळ डोह असेल तर ती खाऊन झाल्यावर आंघोळीला जातात. मात्र पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा ओढा उताराच्या खालच्या बाजूला नको. वस्ती निदान अर्धा किलोमीटर दूर असावी. वाऱ्याने वास घरांवर जाऊ लागला की गावाचा पाठिंबा महिन्याभरात संपतो.

वीजवाहिन्यांची पाहणी स्वतः चालून करावी. खांबावर बसलेल्या गिधाडाचे पंख दोन तारांना टेकतात आणि पक्षी जागीच मरतो. एक किलोमीटरच्या आत उघड्या तारा असतील तर महावितरणकडे खांबांवरचे भाग आच्छादण्याची मागणी करा, नाहीतर जागाच बदला. विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात जनावर सोलण्यास आणि टाकण्यास कायद्याने मनाई आहे, तिथे विचारही नको.

कुंपण कुत्र्यांसाठी असते. भटकी कुत्री खाद्य संपवतात, गिधाडांना उतरू देत नाहीत आणि वर रोगही पसरवतात. जाळीचे कुंपण सहा-सात फूट उंच, खालचा एक फूट जमिनीत गाडलेला, असे करावे. कोपरे आणि फाटक हे कच्चे दुवे असतात, तिथे दगड रचा. आतले क्षेत्र एक एकरापेक्षा लहान नको. लहान कुंपणात गिधाड उतरत नाही, उतरले तर निघताना जाळीला धडकते. वरून जाळी टाकू नये, काटेरी तारेचा सरही लावू नये.

निरीक्षणासाठी तट्ट्या किंवा झापांची एक छोटी खोपी शंभर-दीडशे मीटरवर, उताराच्या वरच्या बाजूला बांधावी. तिचे तोंड पूर्वेला नको, सकाळचे ऊन डोळ्यांत येते.

परवानग्या

गिधाडांच्या या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून सगळे काम वनविभागाला बरोबर घेऊनच करावे. जागा वनजमिनीवर असेल तर त्यांची लेखी परवानगी, गावठाणाच्या गायरानावर असेल तर ग्रामसभेचा ठराव. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्येवर कडक बंदी आहे. मेलेले बैल-गाय टेम्पोत घेऊन निघालेल्या माणसाला रस्त्यात अडवले जाण्याची शक्यता खरी आहे. म्हणून प्रत्येक वाहतुकीला तीन कागद जवळ ठेवावेत: नैसर्गिक मृत्यूचा पशुवैद्यकीय दाखला, मालकाची सही असलेली चिठ्ठी आणि खाद्यस्थळाच्या मंजुरीची प्रत. स्थानिक पोलीस ठाण्याला वाहनाचा क्रमांक आधीच कळवलेला असावा.

जनावर घेताना

मेलेल्या जनावरांमध्ये वेदनाशामक टोचलेली जनावरे जिवंत जनावरांपेक्षा कितीतरी जास्त असतात, कारण जनावर आडवे पडले की मालक शेवटची आशा म्हणून सुई देतोच. गोशाळेत म्हाताऱ्या, जायबंदी जनावरांवर उपचारही जास्त होतात. त्यामुळे मोठा पुरवठा तिथे दिसला तरी धोकाही तिथेच जास्त. उलट डोंगरातल्या पाड्यांवर, जिथे दवाखाना दूर आहे, तिथले जनावर बहुधा स्वच्छ मिळते. बहुधा म्हणजे खात्रीने नव्हे.

फोन आला की गाडी काढण्यापूर्वी मालकाला विचारा: जनावर कधी आजारी पडले? कोणाला बोलावले होते? सुई दिली का, कधी, बाटली राहिली आहे का? रिकामी बाटली गोठ्याच्या वळचणीला किंवा उकिरड्यावर सापडते, ती पाहिल्याशिवाय "काही दिले नाही" हे उत्तर पुरेसे मानू नये. मालक खोटे बोलतो असे नाही, त्याला औषधाचे नाव माहीत नसते. उपचार करणाऱ्याला त्याच्यासमोरच फोन लावावा. मरणाआधीच्या सात दिवसांत मेलोक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिडखेरीज कोणतेही वेदनाशामक दिले गेले असेल तर जनावर घेऊ नये. शंका असली तरी घेऊ नये. न घेतलेले जनावर तसेच उघड्यावर पडू देऊ नये, नाहीतर गिधाडे ते शोधतीलच. मालकाला ते खोल पुरायला मदत करा. सहा फूट खड्डा, वर चुना. या खड्ड्याचा खर्च सुरुवातीपासून अंदाजपत्रकात धरावा, कारण पैशाअभावी खड्डा राहिला की सगळ्या चौकशीचे मोल संपते.

काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, झालेले जनावर ओळखता आले पाहिजे. अचानक मृत्यू, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर न गोठणारे रक्त, लवकर फुगणे आणि अंग ताठ न होणे ही त्याची लक्षणे. असे जनावर उघडू नये, सोलू नये, हलवूही नये, थेट पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. पिसाळलेले, विषबाधेने मेलेले किंवा विष टाकलेल्या शिकारीवर मेलेले जनावर कधीच आणू नये. कुत्र्यांना किंवा बिबट्याला मारण्यासाठी मढ्यावर कीटकनाशक टाकण्याचे प्रकार होतात, आणि त्याचा पहिला बळी बहुतेक वेळा गिधाडच असतो.

पुरवठा सर्वांत खात्रीचा करायचा असेल तर नेपाळचा मार्ग विचारात घ्यावा. पिठौली इथे २००६ पासून म्हातारी जनावरे विकत घेऊन, शेवटपर्यंत सांभाळून, नैसर्गिक मृत्यूनंतरच गिधाडांना देतात. उपचार आपल्या देखरेखीखाली झाल्याने औषधाचा इतिहास आपल्याच वहीत असतो. चारा, गोठा आणि माणूस यांचा खर्च येतो, पण एवढी निश्चिंती दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत नाही.

मांडणी

जनावर मेल्यापासून २४ तासांच्या आत मांडावे, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. वेळ पहाटेची, उजाडण्यापूर्वी. गिधाडे ऊन तापून हवा वर चढू लागली की उडतात, त्यामुळे नऊ ते अकराच्या दरम्यान उतरतात. संध्याकाळी मांडलेले जनावर रात्रभर कुत्र्या-कोल्ह्यांच्या ताब्यात जाते.

म्हशीची जाड कातडी गिधाडांना फाडणे जड जाते. ती काढली तर थवा एखादा तासही न लावता मांस संपवतो, वासही कमी वेळ राहतो. कातडी काढण्याचे काम जाणकार कारागिरालाच द्यावे, कातडी त्याचीच असावी आणि वर मजुरीही द्यावी. पूर्वी गावोगाव ढोरफोडीची जागा असे आणि गिधाडे त्या कामावरच जगत होती. ते काम करणाऱ्या माणसांना या प्रकल्पात मानाने घेतले पाहिजे, त्यांच्याइतके जनावर कोणालाच कळत नाही. हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची लस आणि शेवटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हत्यारे धुणे, यात तडजोड नाही.

सोलण्यापूर्वीच यकृत आणि मूत्रपिंडाचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे नमुने वेगळ्या स्वच्छ पिशव्यांत घ्या. त्यावर तारीख, गाव, मालकाचा नोंद क्रमांक लिहून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि वनविभागामार्फत प्रयोगशाळेला पाठवा. प्रत्येक नमुना तपासायला परवडत नसेल तरी साठा असावा. उद्या गिधाडे मेली तर कारण शोधायला तोच उपयोगी पडतो.

किती खाद्य लागेल? एका पक्ष्याला आठवड्याला ३ ते ४ किलो मांस धरावे. ४० गिधाडांच्या थव्याला १२० ते १६० किलो, म्हणजे आठवड्याला साधारण एक मोठे जनावर. याहून जास्त मांडले तर उरलेले सडते, माश्या आणि कुत्री वाढतात. कमी पडले तरी हरकत नाही, गिधाडे उपास सोसतात. रोज ठरल्या वेळी खायला घालण्याचा हट्ट धरू नये, नाहीतर पक्षी एकाच जागेवर अवलंबून राहतात.

पिल्लांसाठी हाडांचा चुरा ठेवा. पूर्वी तरस हाडे फोडत, त्याचे तुकडे गिधाडे पिल्लांना नेत. तरस नसतील तिथे पिल्लांची हाडे मऊ पडून पंख वाकडे होतात. दक्षिण आफ्रिकेत हे दिसल्यावर खाद्यस्थळांवर हाडे फोडून टाकायला सुरुवात झाली. हातोड्याने दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, मोठ्या टोकदार चिपा नकोत. उरलेला सांगाडा दोन दिवसांनी उचलून एका कोपऱ्यात रचावा. कानात टोचलेला बिल्ला, दोरी, प्लास्टिक, खिळे, वेसण, गळ्यातली घंटा हे मांडण्यापूर्वीच काढलेले असावे.

नोंदवही

प्रत्येक मांडणीची एक ओळ: तारीख, जनावर, वय, मृत्यूचे कारण, औषधाचा इतिहास आणि तो कोणी सांगितला, नमुना क्रमांक, पहिले गिधाड उतरण्याची वेळ, सर्वाधिक संख्या जातीनुसार, प्रौढ आणि पिल्ले वेगळी. आलेले आकडे एकमेकांत मिळवू नयेत, तेच पक्षी दोनदा मोजले जातात. एका क्षणी दिसलेली सर्वाधिक संख्या हाच खरा आकडा. पंखावर पट्टी, पायात कडे किंवा पाठीवर उपकरण असलेला पक्षी दिसला तर क्रमांक आणि बाजू नेमकी लिहून वनविभागाला लगेच कळवा. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून आलेले पक्षी २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबा इथे आले, त्यांपैकी एखादा कोणत्याही माळावर उतरू शकतो.

घरटी असलेली झाडे

जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पक्षी सुमारे पाचव्या वर्षी जोडीदार शोधतो, म्हणून एक प्रौढ गिधाड गेले की ती उणीव भरायला वर्षे लागतात. ऑक्टोबरपासून घरटे बांधणी, अंडे बहुधा नोव्हेंबर ते जानेवारी, उबवण्याचे सुमारे ५० दिवस, आणि पिल्लू एप्रिल-मेपर्यंत घरट्यात. या काळात झाडापासून दोनशे मीटर दूर राहा. ड्रोन उडवू नये, झाडावर चढू नये, फांदी तोडू नये. कोकणात नारळाच्या झाडावरही घरटे असते. त्या झाडाचे नारळ त्या हंगामात उतरवायचे नाहीत, तर बागायतदाराला त्या नारळांचा मोबदला द्यायलाच हवा. फक्त आवाहन करून भागत नाही. म्हसळा, श्रीवर्धन भागात काय किंवा अंजनेरीच्या कड्यावर काय, झाड आणि कडा टिकला तरच खाद्यस्थळाचा उपयोग.

आजारी किंवा मेलेले गिधाड

मान खाली लोंबकळवून बसलेले गिधाड उन्हानेही तसे बसते, त्यामुळे ते लगेच विषबाधित आहे असे समजू नये. पण दिवसभर तसेच राहिले, जवळ गेल्यावरही उडाले नाही, तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पोट भरलेले असताना पकडले तर पक्षी ओकतो, म्हणून शक्य असल्यास अधिकाऱ्याची वाट पाहा. हलवावेच लागले तर डोक्यावर जाड कापड टाका, पंख मिटून धरा आणि हवेची भोके असलेल्या खोक्यात उभ्या स्थितीत अंधारात ठेवा.

मेलेल्या गिधाडाला हात न लावता जागा, तारीख आणि आसपास पडलेल्या मढ्याचे फोटो घ्या. शवविच्छेदन तज्ज्ञानेच करावे. हृदय, यकृत, मूत्रपिंडावर पांढरी खडूसारखी पूड साचलेली दिसली तर संशय वेदनाशामकाकडेच जातो. त्या आठवड्यात आपल्या खाद्यस्थळावर मांडलेल्या प्रत्येक जनावराचा साठवलेला नमुना लगेच तपासायला द्यावा.

काम कधी थांबवावे

खाली सांगितलेल्यांपैकी काहीही झाले तर खाद्यस्थळ बंद ठेवा: नमुन्यात डायक्लोफेनॅक किंवा दुसरे घातक औषध आढळले, परिसरात अँथ्रॅक्स निघाला, एकाच महिन्यात दोन गिधाडे कारण न कळता मेली, किंवा औषधाचा इतिहास विचारणारा माणूस हजर नसताना जनावर येऊ लागले. बंद करताना कुंपणातले सगळे अवशेष पुरून टाका, फाटकाला कुलूप लावा आणि भोवतालच्या गावांना कळवा, कारण जनावर आणून टाकायची लोकांना सवय लागलेली असते. पुन्हा सुरू करण्याआधी औषध दुकानांची पाहणी नव्याने करा आणि पहिल्या पाच मांडण्यांचे सर्व नमुने तपासून घ्या.